सव्वा मूठ गहू

माझा धाकटा दीर खाडीच्या पुलाखाली बसतो, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नसल्याचं सोंग फक्त आमच्या घरात चालायचं. संध्याकाळी त्याचं ताट वाढून झाकून ठेवायचं, सकाळी ते गाईला घालायचं आणि "रातपाळी असेल" असं एकमेकांना सांगायचं. वास्तविक त्याला खात्यातून काढून टाकल्याला वर्ष उलटून गेलं होतं. सुरतेच्या उधन्याला लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. तिथे हा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, सांधायचा. जुना बीम संपला की नव्या बीमचे तार जुन्या तारांना एकेक करून बोटांनी जोडायचे, असं ते काम. त्याची बोटं इतकी चपळ की मी वेणी घालावी तसा तो बोलत बोलत सांधायचा. मग त्या बोटांत गर्द आला. ती भुरी पूड पन्नीवर ठेवून, खालून काडी ओढून, धूर नळीने ओढायचा.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्यानंतरची ही वर्षं. मी लग्न होऊन सांगलीकडून आलेली, सासर धुळ्याकडचं. घरात आम्ही चौघंच: मी, हे, सासूबाई आणि हा दीर. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. हे एका डाइंग मिलच्या ऑफिसात कारकून होते आणि मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते. घरात अहिराणी, शाळेत मराठी, भाजीवाल्याशी गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी. पहिली दोन वर्षं मी कुणाशी कुठली भाषा बोलावी यातच गोंधळलेली असे. पण दिराच्या बाबतीत माझा जो गोंधळ झाला, त्यापुढे हा काहीच नव्हता.

माझी शाळा खाडीच्या पलीकडे, डिंडोलीच्या बाजूला. म्हणजे रोज जाता-येता पूल ओलांडायचा. वरून खाली बघितलं की खांबाच्या सावलीत चार-पाच माणसं एका मळक्या चादरीखाली डोकी घालून बसलेली दिसत. भर दुपारी, उघड्यावर. वरून माणसं सायकली हाकत जायची, बायका भाजीच्या पिशव्या घेऊन जायच्या, कुणी खाली बघायचं नाही. मी बघायची. चादर वाऱ्याने उचलली की दिराच्या डोक्यावरचा भोवरा दिसे. सासूबाईंनी कितीदा तरी मला कौतुकाने सांगितलं होतं की त्याच्या डोक्यात दोन भोवरे आहेत आणि असा माणूस दोनदा बाशिंग बांधतो. इथे एकदाही बांधलं नव्हतं.

एक दिवस माझा पारा चढला आणि मी पुलाशेजारच्या उतारावरून खाली गेले. साडी चिखलाने बरबटली. मला वाटलं होतं तो लाजेल, पळेल, निदान चादरीत तोंड तरी लपवेल. तो म्हणाला, "भाबी, बठ ना." जणू मी त्याच्या घरी आले होते आणि तो मला पाट मांडत होता.

मी काय बोलले ते आता सांगत नाही. शाळेत चौथीच्या वर्गावर ओरडते त्याच सुरात बोलले असणार. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "उद्या जाऊत, भाबी. दवाखानामा. मी तयार शे."

मी हरखून गेले. मोठ्या सरकारी दवाखान्यात अशा लोकांसाठी वेगळा वॉर्ड आहे, हे शाळेतल्या एका बाईंकडून कळलं होतं. रजा टाकून मी तिथे जाऊनही आले होते. तिथले डॉक्टर गुजराती, बोलायला मऊ. ते म्हणाले होते, "बेन, पहेला एनी पोतानी तैयारी जोईए." त्याची स्वतःची तयारी हवी, ओढून आणलेला माणूस भिंतीवरून उडी मारून जातो. आता हा स्वतःच्या तोंडाने तयार म्हणतोय म्हटल्यावर आणखी काय हवं?

दुसऱ्या दिवशी मी गेले तर तो जागेवर नव्हता. त्याच्याबरोबर नेहमी बसणारा एक ओडिया माणूस होता, वयाने मोठा, दाढीत पांढरे केस. तोही पूर्वी लूमवरच होता. त्याने हात पसरून "पता नहीं" असं केलं.

पुढे हे कितीदा झालं त्याची मोजदाद मी सोडून दिली. कधी म्हणे, "आज नको, आज अंग मोडी ऱ्हायनं." कधी म्हणे, "आज बरं वाटस, आज कसाले?" बरं वाटलं तरी जायचं नाही, वाईट वाटलं तरी जायचं नाही. मग जायचं कधी? एकदा तर रिक्षात येऊन बसला आणि रिक्षा सुरू झाल्यावर उतरला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी मास्तरीण. कुठलं पोर पास होणार आणि कुठलं नापास, हे मी त्याच्या दप्तरावरून सांगू शकते असा माझा तोरा. मी त्याची लक्षणं शोधायला लागले. दाढी केलेली असली की तयारी आहे, असं मला वाटायचं. मग कळलं, दाढी केली म्हणजे कुणाकडे तरी पैसे मागायला जायचं आहे. आईची चौकशी केली की तयारी आहे म्हणावं, तर तो रोजच चौकशी करी. रडला म्हणजे तयारी? रडायचा तर तो धूर आत गेल्यावर, चांगला सुखात असताना. शाळेत पोरं 'तळ्यात-मळ्यात' खेळताना मी शिट्टी वाजवायची आणि मला पुलाखालचं आठवायचं. फरक इतकाच की पोरांना आपण तळ्यात आहोत की मळ्यात, हे ठाऊक असायचं.

यांना सांगितलं की हे म्हणत, "तू नको जात जाऊ तिकडे. लोक बघतात." लोक बघत नव्हते, हीच तर गंमत होती.

आणि मग श्रावणात, एका शुक्रवारी दिवेलागणीला, तो आपल्या पायांनी दारात आला.

घरात कानबाईची तयारी चालली होती. आमच्या खानदेशी लोकांचा हा सर्वांत मोठा सण. मी "आमच्या" म्हणते खरी, पण माहेरी मी कानबाईचं नावही ऐकलं नव्हतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ-डोळे लावून, लुगडं नेसवून देवी बसवायची आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत बोळवायची. तिच्या नैवेद्याला रोट लागतात. त्या रोटांचे गहू सरसकट घेत नाहीत. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ मोजायची. एक भरलेली मूठ आणि वर चिमूटभर. तान्हं बाळ असलं तरी त्याची मूठ निघते. आणि ते रोट घरच्यांनीच खायचे, उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, परक्याला त्यातला तुकडाही द्यायचा नाही. त्या दुपारी सासूबाईंनी आमच्या घरातल्या दोघांचे गहू मोजून ठेवले होते. मोजताना त्या धाकट्याचं नाव मोठ्याने घेत, शेजारी ऐकू जाईल असं.

तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. नाक-डोळे गळत होते. म्हणाला, "भाबी, माले लई चाला. आतेच." मला घेऊन चला, आत्ताच.

मी पर्स शोधायला लागले. मला त्या वेळी त्याच्या चेहऱ्यात असं काहीतरी दिसलं, जे आधी कधी दिसलं नव्हतं. काय दिसलं ते विचारू नका. मला आजही सांगता येत नाही.

सासूबाई आतून धावत आल्या. त्याला जवळ घेतलं, तोंड पुसलं, आणि मी निघाले आहे असं बघून म्हणाल्या, "आज? आज कथा? त्याना नावना गहू मोजी ठेवेल शेतस. ऐतवारले कानबाई शे. रोट खाईसन जाऊ दे त्याले. सोमवारले लई जा."

"आई, डॉक्टर म्हणालेत, तो म्हणेल तेव्हाच आणा."

"दोन दिनमा काय व्हस? घरमाच तं शे."

माझा आवाज चढला. मग हे मध्ये पडले, मला आत घेऊन गेले आणि जे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. एका वर्षी सासरे रोटाला घरी नव्हते. त्यांच्या नावाची मूठ मोजलेली, रोट भाजलेला, आणि खाणारा माणूस दुसऱ्या गावी. त्याच वर्षी ते गेले. सासूबाईंच्या मनात त्या दोन गोष्टींची गाठ बसली होती, ती कुणाच्या बापाला सुटली नसती.

मी बाहेर आले. दिराला विचारलं, "तुम्हीच सांगा. आज की सोमवारी?"

त्याने आईकडे बघितलं. "माय म्हनस तं थांबस मी."

आता हा तयार होता की नव्हता? तयार होता म्हणून आला. तयार होता तर थांबला कशाला? आणि आईचं ऐकणारा मुलगा परत मिळाला म्हणून आनंद मानायचा की कपाळ बडवायचं? मी पर्स खुंटीला अडकवली. राग मला सासूबाईंचा आला होता, पण त्यांनी त्याच्यासाठी पाणी तापवलं, त्याची पाठ चोळली, तेव्हा त्यांच्या हातांकडे बघून मला कुणावर रागवावं हेच कळेना.

शनिवार त्याने वाकळीत काढला. पोटाला पीळ पडे तसा तो गुडघे छातीशी घेई. बाहेर जात्यावर रोटाचं दळण चाललेलं, बायकांची गाणी, आणि आतल्या खोलीत हा दात खात पडलेला. सासूबाई दळता दळता उठून यायच्या, त्याच्या कपाळावर पिठाचा हात ठेवायच्या.

रविवारी देवी बसली. भाऊबंद जमले. त्याला अंघोळ घालून यांचा शर्ट घातला होता, तो त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. आरती सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं की कुणीच देवीकडे बघत नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते. एका चुलत सासूने मोठ्याने विचारलं, "सर्दी व्हयनी का रे भाऊ तुले?" मागे कुणीतरी हसलं. आरती संपताच तो पाणी प्यायला म्हणून नळाकडे गेला आणि परत आला नाही. उन्हं अजून उतरायची होती.

सोमवारी सासूबाई कानबाई डोक्यावर घेऊन तापीपर्यंत चालत गेल्या. घरी येऊन आम्ही रोट खायला बसलो. मग त्यांनी त्याच्या नावचा रोट फडक्यात बांधला आणि माझ्या हातात दिला. "जाय. त्याले खावाड."

"आई, उंबऱ्याबाहेर न्यायचा नसतो ना?"

"त्याना उंबरा आते तठेच शे," त्या म्हणाल्या.

मी पुलाखाली गेले. तो आणि तो ओडिया माणूस, दोघंच होते. दिराने फडकं सोडलं, रोट कपाळाला लावला, आणि मी "अहो" म्हणेपर्यंत त्याचे दोन तुकडे करून एक शेजाऱ्याला दिला. मी ओरडलेच, "तो परक्यांनी खायचा नसतो!"

दीर म्हणाला, "भाबी, आठे मना दुसरा भाऊबंद कोन शे?"

तो ओडिया माणूस घास तोंडात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. थुंकावं की गिळावं, त्याला कळेना. मलाही कळेना. शेवटी मी मान हलवली आणि त्याने गिळला. मग तो म्हणाला, "दीदी, वो अस्पताल में मेरे को भी लेगा क्या?" मी म्हटलं, लेगा, जरूर लेगा, कल आती हूँ. दुसऱ्या दिवशी गेले तर तो हसला आणि म्हणाला, "कल." म्हणजे हाही आमच्याच घरचा झाला होता.

घरी सासूबाईंनी विचारलं, "खाधा का?"

"अर्धा खाल्ला. अर्धा दुसऱ्या एकाला दिला."

मला वाटलं आता कहर होणार. त्या बराच वेळ भांडी घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं कयं." बरं केलं म्हणाल्या!

पुढचं वर्ष मी त्याला विचारणं सोडून दिलं. रागाने नव्हे. मला खरंच कळेनासं झालं होतं की काय विचारायचं. जाता-येता कधी भाकरी द्यायची, कधी नुसती उभी राहायची. डॉक्टरांकडे जाऊन एकदा भांडले, की तयारी तयारी म्हणता ती ओळखायची कशी ते सांगा. ते म्हणाले, बेन, मलाही नीट ओळखता येत नाही. एवढं शिकून त्यांचीही पाटी माझ्यासारखीच कोरी.

श्रावण परत आला. कानबाईच्या आधीच्या शुक्रवारी मी शाळेतून आले, सासूबाई सूप घेऊन ओट्याला टेकून बसल्या होत्या. यांच्या नावची मूठ झाली. धाकट्याच्या नावची मूठ भरली, वरची चिमूट घेतली, तेवढ्यात दारात सावली पडली.

तो एकटाच होता. पायांत चपला नव्हत्या. मी विचारलं, "तुमचे ते सोबती कुठे?"

"गावले गया," तो म्हणाला. कुठल्या गावाला, ते त्याच्या तोंडाकडे बघून मी विचारलं नाही.

या वेळी तो "लई चाला" म्हणालाही नाही. नुसता उभा राहिला. मी सासूबाईंकडे बघितलं. मनात म्हटलं, आता गहू, आता रविवार, आता सोमवार. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, सूप पायाने बाजूला सारलं, गहू फरशीवर सांडले, आणि त्या उठल्या. डोक्यावर पदर ओढला, चपला घातल्या.

"चाल," त्या म्हणाल्या.

"आई, कानबाई..."

"ती देवी शे. तिले समजी."

रिक्षात तो आमच्या दोघींच्या मध्ये बसला. पर्वत पाटिया नाक्याकडून येणाऱ्या ट्रकांच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा तो म्हणाला, "उतरस मी." सासूबाईंनी डाव्या हाताने त्याचा शर्ट धरला. पुढे तो वाकून बाहेर ओकला, परत उतरायला बघू लागला. मी मनात म्हणत होते, हा तयार नाही, हा मुळीच तयार नाही, आपण परत चुकतोय. सासूबाईंची उजवी मूठ मांडीवर घट्ट आवळलेली होती. मला वाटलं, भीतीने आवळली आहे.

डॉक्टरांनी त्याला विचारलं, तू स्वतःच्या इच्छेने राहणार का?

तो म्हणाला, "माहीत नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि म्हणाले, "चालशे." इतके दिवस त्याच्या तोंडून एक धड 'हो' निघावा म्हणून मी पुलाखाली साड्या खराब केल्या, आणि त्यांना 'माहीत नाही' चाललं! मला हसावं की डॉक्टरांना चार शब्द सुनवावेत, समजेना.

घरच्या कुणाची तरी सही हवी होती. मी पेन घ्यायला हात पुढे केला, तर सासूबाई म्हणाल्या, "मी माय शे. मी देसू अंगठा." खिडकीतल्या बाईने शाईचा डबा पुढे केला. सासूबाईंची मूठ उघडेना. "आई, अंगठा द्यायचाय," मी म्हटलं. तरी उघडेना. शेवटी मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

आत गहू होते. घामाने तळव्याला चिकटलेले. त्याच्या नावची मूठ त्या घरातून तशीच घेऊन आल्या होत्या, वाटेत एक दाणा सांडू दिला नव्हता.

दिराने ते दाणे बघितले. मग बीम सांधायच्या त्याच बोटांनी एकेक दाणा आईच्या तळव्यावरून सोडवून शर्टच्या खिशात टाकला. बराच वेळ लागला. शेवटचा दाणा निघाल्यावर सासूबाईंनी अंगठा दिला आणि तो आत गेला.

त्यानंतर त्याला आणखी दोनदा तिथे जावं लागलं. कुठल्या वेळी तो खरा तयार होता, हे मला अजून सांगता येत नाही, आणि त्यालाही नाही. त्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसली नाही. मूठच घरात नव्हती तर रोट कशाचे करणार? भाऊबंद अजून त्यावरून बोलतात, की या घराने एका वर्षी देवीला उपाशी ठेवलं. दर श्रावणात हा विषय निघतो, आणि असं म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझ्या दिराचा असतो.